कशाच्या पावलानं

वाटणीत पाटा थोरल्यांकडे गेला,
वरवंटा आमच्याकडे राहिला.
मुखवट्यांचंही तसंच.
ज्येष्ठा त्यांच्या कोनाड्यात,
कनिष्ठा माझ्या ट्रंकेत,
जुन्या लुगड्याच्या घडीत, कापराच्या दोन वड्यांसोबत.
पंच म्हणाले, समसमान झालं.

पंचफुला, माझी थोरली जाऊ,
बोअरिंगवर भेटली की माझ्या गुंडाकडे पाहते.
मीही तिच्या गुंडाकडेच पाहते.
त्याला कुठे पोचा आलाय, मला पाठ आहे.
तिच्या डोळ्याखाली हे काळं कधी आलं,
ते मात्र मला कुणी सांगितलं नाही.

पण महालक्ष्म्या एकट्या बसत नाहीत.
पोथी थोरलीबद्दल काहीबाही सांगते,
अवदसा म्हणते, उंबऱ्याबाहेर ठेवते.
आमच्या अडाणकाठी तिलाही धाकटीएवढंच पातळ,
तेवढ्याच निऱ्या, तेवढीच नथ.
तीन दिवसांच्या माहेरवाशिणी.
माहेरात कोण थोरलं अन् कोण वाईट?

म्हणून भादव्यात, अनुराधा लागली,
की मी धाकटीला पदराखाली घेते
आणि बोळ ओलांडते.
मागून मोरेश्वर वरवंटा छातीशी धरून येतो,
पुरण वाटायचं असतं.

तुळशीपाशी सुपात दोघी शेजारी ठेवल्या,
हळदीकुंकवाची पावलं थेट माजघरापर्यंत गेली,
पोरींनी ताटं वाजवायला घेतली.
मी सूप उचलते, ती दाराआड उभी असते.
अकरा महिने एक शब्द नाही,
आणि आता विचारल्यावाचून तिला सुटका नाही,
सांगितल्यावाचून मला.

कशाच्या पावलानं आली?
सोन्याच्या पावलानं.
कशाच्या पावलानं आली?
रुप्याच्या पावलानं.
कशाच्या पावलानं आली?
हिऱ्यामोत्याच्या.

सहा वर्षं झाली.
एवढंच आमचं वर्षाचं बोलणं.
पहिल्या वर्षी तिचा आवाज
उताण्या विळीसारखा होता,
मी जपून उत्तर दिलं होतं.
पुढे पुढे दोघीही पाढ्यासारखं म्हणू लागलो.

यंदा तिन्ही झाले.
ताटं थांबली.
मी उंबऱ्यावर पाय टाकणार,
तोच आतून परत,
हळू, ताटांच्या आवाजाखाली लपवायचा राहून गेलेला,
"अन् तू वो?
तू कशाच्या पावलानं आली?"

हे पोथीत नाही.
हे सासूनं शिकवलेलं नाही.
मी खाली पाहिलं.
बोळातला काळा चिखल घोट्यापर्यंत,
एका चपलेचा अंगठा सेफ्टी पिननं धरलेला,
टाचेला गाजरगवताची कुसं.
हातात सूप, सुपात दोघी,
दोघींचे डोळे माझ्याकडेच.

"चिखलाच्या," मी म्हणाले.

कुणीतरी पोरगी फिसकन हसली.
यशोदीनं तिला कोपरानं ढोसलं.
आतून बांगड्या वाजल्या,
मग तिचाच आवाज, नेहमीसारखा कोरडा:
"मंग धू ना. पानी ठेवलं हाय."

ठेवलं होतं.
दाराच्या उजव्या अंगाला, पोचा आलेला गुंड,
त्यावर तांब्या पालथा.
सकाळचंच असावं, पाणी उन्हानं कोमट झालेलं.

पुढे सगळं नेहमीसारखंच.
कोथळ्यांत गहू भरले, पातळं नेसवली,
थोरलीची नथ दरवर्षीप्रमाणे गळाली,
मेणानं चिकटवली.
पिलवंडांना झबली घातली, एकाचं उलटं.
दुसऱ्या दिवशी सोळा भाज्या, आंबील, ज्वारीची फळं,
फुलोऱ्यातली करंजी मोरेश्वरनं आधीच पळवलेली.
आम्ही फारसं बोललो नाही.
तिनं पाट्यावर पुरण सारलं,
मी वरवंटा ओढला,
मीठ कुठंय तेवढं विचारलं.

मूळ नक्षत्रावर दहीभात झाला,
अक्षता टाकून दोघींना जागेवरून हलवलं,
मी माझी पदराखाली घेतली.
बोळात मोरेश्वर रिकाम्या हातानं
पुढे पळत होता.

वरवंटा तिकडेच राहिला.
मी त्याला हाक मारली नाही.